क्षयाचे कूळ, क्षयाचे मूळ

लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिका, शिक्षण, पगार, घरदार यांची चौकशी उघडपणे होते. एक प्रश्न मात्र हळू आवाजात, बहुधा मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारला जातो. 'त्यांच्या घरात कुणाला छातीचा आजार नव्हता ना?' टीबी हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा या प्रश्नाचा शिष्टाचार. उत्तर 'होता' असे आले, तर तोवर छत्तीस गुण जमलेली पत्रिका एकाएकी जुळेनाशी होते. मुलीच्या काकांना पंधरा वर्षांपूर्वी क्षय झाला होता, सहा महिन्यांच्या औषधांनी ते ठणठणीत बरे झाले, आज ते रोज पहाटे टेकडी चढून येतात, हे ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. 'अशा गोष्टी रक्तात असतात' असे म्हणून विषय मिटवला जातो.

ही समजूत आजची नव्हे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, कितीही धनधान्य आणि गाईगुरे असली तरी ज्यांच्याशी सोयरीक करू नये अशा दहा कुळांची यादी आहे. त्या यादीत क्षयाने ग्रासलेले कूळ आहे. उलट चरकाने राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली, ती अशी : ताकदीबाहेरचे श्रम, शरीराचे नैसर्गिक वेग दाबून धरणे, शरीराची झीज आणि वेळी-अवेळी, कमी-अधिक खाणे. त्या चारांत कूळ नाही. म्हणजे आपल्याच परंपरेत या रोगाविषयी दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक उत्तर घराण्याकडे बोट दाखवते, दुसरे कष्टाकडे आणि ताटाकडे.

युरोपातही असाच घोळ होता. दक्षिणेकडील देशांत क्षय संसर्गजन्य मानला जाई, तर उत्तरेकडील अनेक नामवंत वैद्य तो आनुवंशिक मानत. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतूच शास्त्रज्ञांपुढे ठेवला आणि वाद मिटल्यासारखा वाटला. रोग जंतूमुळे होतो, तो रुग्णाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. त्याचा आईबापांच्या रक्ताशी काय संबंध? पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. कॉख यांच्या घोषणेला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा फेब्रुवारी १८८७ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेली ही मुलगी बावीस वर्षांचीही नव्हती. क्षयावर खऱ्या अर्थाने लागू पडणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४०चे दशक उजाडावे लागले.

आता गंमत अशी की, जो प्रश्न कॉख यांनी निकालात काढला असे वाटले होते, तो गेल्या काही दशकांत जनुकशास्त्रानेच पुन्हा उघडला आहे. क्षय होण्याची किंवा न होण्याची प्रवृत्ती काही अंशी जन्मजात असते, असे भक्कम पुरावे पुढे आले आहेत. मग ती हळू आवाजातली चौकशी बरोबरच होती की काय? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. नाही तर अर्धवट कळलेले विज्ञान जुन्याच कलंकाला नवे कपडे घालून घरात आणील.

सुरुवात एका साध्या कोड्यापासून करू. भारतात २०१९ ते २०२१ या काळात क्षयाची राष्ट्रीय पाहणी झाली. पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा शिरकाव होऊन गेल्याच्या खुणा त्यात आढळल्या. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या दहा प्रौढांपैकी साधारण तिघे. पण या तिघांना क्षय झालेला नाही आणि बहुतेकांना तो कधी होणारही नाही. ज्यांना संसर्ग झाला त्यांच्यापैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकच आयुष्यात कधी तरी आजारी पडतात. उरलेल्या नव्वद जणांचे शरीर जंतूला मारून टाकते किंवा जन्मभर कोंडून ठेवते. जंतू तोच, हवा तीच. मग एकाला खोकला, ताप आणि वजनातली घट, तर दुसऱ्याला पत्ताही नाही, असे का व्हावे?

या कोड्याची एक अत्यंत दुःखद साक्ष जर्मनीतील ल्यूबेक शहरात मिळाली. कालमेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केलेली बीसीजी ही लस १९२१ पासून वापरात आली होती आणि त्या काळी ती नवजात बाळांना तोंडावाटे देत. १९२९च्या अखेरीपासून १९३०च्या वसंतापर्यंत ल्यूबेकमध्ये सुमारे अडीचशे बाळांना ही लस पाजण्यात आली. प्रयोगशाळेतील निष्काळजीपणामुळे त्या लशीत क्षयाचे खरे, जिवंत, घातक जंतू मिसळले गेले होते. सत्तरहून अधिक बाळे दगावली. पण बहुसंख्य बाळे आजारी पडूनही औषधाविना सावरली आणि काहींना तर जवळजवळ काहीच झाले नाही. अर्थात सगळ्या बाळांच्या पोटात सारखेच जंतू गेले नव्हते. लशीच्या वेगवेगळ्या खेपांत त्यांचे प्रमाण कमी-जास्त होते, हे पुढे स्पष्ट झाले. तरीही सारख्या संकटातून सारखे परिणाम निघत नाहीत, ही गोष्ट वैद्यकाच्या मनावर त्या घटनेने कोरली.

मग फरक येतो कुठून? 'घराण्यातून' असे म्हणणाऱ्यांना उदाहरणांची वाण नव्हती. इंग्लंडमधील ब्राँटे कुटुंबाचेच पाहा. लेखिका म्हणून गाजलेल्या बहिणींच्या या घरातील दोन थोरल्या मुली १८२५ मध्ये शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि क्षयाने गेल्या. सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल, त्याच डिसेंबरात एमिली आणि पुढच्या मे महिन्यात ॲन. नऊ महिन्यांत तीन भावंडे. पाहणाऱ्याला वाटावे, हे क्षयाचे घराणे. पण त्या मुली एका गारठलेल्या, अर्धपोटी ठेवणाऱ्या वसतिगृहात राहिल्या होत्या; भावंडे एकाच छोट्या घरात, एकमेकांची सेवा करीत, एकाच हवेत श्वास घेत होती. आणि त्याच घरात राहणारे, त्या सर्वांचे जन्मदाते पॅट्रिक ब्राँटे सगळ्या मुलांना निरोप देऊन चौऱ्याऐंशी वर्षे जगले. कुटुंबाकडे बाहेरून पाहून रक्त कोणते आणि हवा कोणती, हे वेगळे काढता येत नाही. आईकडून मुलाला नाक मिळते तसा खोकलाही मिळतो, पण दोन्हींची वाट एक नव्हे.

ही गुंतवळ सोडवायला शास्त्रज्ञांनी जुळ्यांचा आधार घेतला. एकाच बीजातून झालेल्या एकसारख्या जुळ्यांची सगळी जनुके सारखी असतात, तर वेगळ्या बीजांतून झालेल्या जुळ्यांचे नाते साध्या भावंडांइतकेच असते. १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि नंतर इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट सारखी दिसली. जोडीतील एकाला क्षय झाला तर दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता एकसारख्या जुळ्यांत बरीच जास्त होती. इंग्लंडमधील आकड्यांची १९७८ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा ती साधारण दुप्पट निघाली. वारशाचा हात सिद्ध झाला. पण त्याच आकड्यांची २००७ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा जुळी किती जवळ राहत होती, रुग्ण भावंडाशी संपर्क किती होता, याही गोष्टी लक्षात घेतल्या गेल्या आणि निष्कर्ष निघाला की परिस्थितीचे पारडे वारशाहून जड आहे. वारसा आहे, पण तो एकटा नाही आणि थोरलाही नाही. या विषयातील पुढच्या साऱ्या संशोधनाचा सारांश याच एका वाक्यात आहे.

जनुके नेमके काय करतात, हे कळायला १९९६ साल उजाडले. माल्टा बेटावरील काही मुले आणि मूळच्या ट्युनिशियातील एका कुटुंबातील बाळ यांच्या आजारांचा उलगडा त्या वर्षी झाला. माल्टातील मुलांना माती-पाण्यात आढळणाऱ्या, एरवी निरुपद्रवी अशा क्षयजंतूच्या भाऊबंदांनी ग्रासले होते; ट्युनिशियातील बाळ तर कोट्यवधी मुलांना बिनधोक दिली जाणारी बीसीजीची लसच पचवू शकले नाही. त्यांच्या शरीरात कमतरता एकाच ठिकाणी होती. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू असा चिवट की गिळला गेल्यावर त्याच पेशीत तो बिऱ्हाड थाटतो. तेव्हा दुसऱ्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडून भक्षक पेशीला जणू जागे करतात आणि मग ती आपल्या पोटातला जंतू मारते. या मुलांच्या पेशींवर तो निरोप घेणारे दारच बिघडलेले होते. निरोप येत होता, पण आत कुणी ऐकत नव्हते.

असे दोष फार विरळा असतात आणि बहुधा आई व वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच प्रकट होतात. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगण्याची रीत अजून पुष्कळ समाजांत आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, घरात एखाद्या बाळाला बीसीजीच्या लशीने गंभीर आजार झाला असेल, तर ती गोष्ट लपवू नये, डॉक्टरांना सांगावी. लग्नाच्या बोलण्यांत वारशाचा विचार करायचाच असेल, तर तो पंधरा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या काकांपाशी नव्हे, इथे करावा.

त्यानंतरचा एक शोध इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. टायके-टू नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई-वडील दोघांकडूनही आला, तर क्षयाचा धोका बराच वाढतो, असे २०१८ मध्ये दिसून आले. युरोपीय वंशाच्या दर सहाशे माणसांत साधारण एकाला अशी जोडी लाभलेली असते. युरोपबाहेर हा प्रकार विरळा आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी युरोपातील हजारेक प्राचीन माणसांच्या हाडांतून मिळालेली जनुके तपासली, तेव्हा आढळले की हा प्रकार एके काळी बराच जास्त होता आणि गेल्या दोन हजार वर्षांत झपाट्याने घटत गेला. तो ज्यांच्यात होता ती माणसे क्षयाने मरत गेली, मुलेबाळे होण्याआधी मरत गेली. आज युरोपात दिसणाऱ्या प्रतिकारामागे अशी असंख्य अकाली मरणे उभी आहेत.

मग 'क्षयाचे जनुक' सापडले म्हणायचे का? नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल आपल्याला ठाऊक आहे. त्याची एकच प्रत मिळाली तर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, दोन मिळाल्या तर कष्टाचा आजार मागे लागतो. तिथे एक जनुक, एक बदल आणि ठसठशीत परिणाम आहे. क्षयाच्या बाबतीत असा एकच पहारेकरी सापडत नाही. तिथे शेकडो जनुके आपापला किंचित वाटा उचलतात. अलीकडेच आफ्रिका, आशिया आणि युरोपीय वंशांच्या चौदा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा सगळीकडे ठामपणे उभी राहिली ती एकच जागा. शरीराला आपले आणि परके ओळखायला शिकवणाऱ्या एचएलए या जनुकसमूहातील. आपल्या देशातील रुग्णांतही याच समूहातील डीआर-टू हा प्रकार अधिक आढळतो, असे इथल्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून दाखवले होते. त्या मोठ्या अभ्यासाने वारशाचा एकूण वाटा साधारण पाव भरला. एका माणसाच्या रोगाचा पाव हिस्सा जनुकांचा, असा याचा अर्थ नव्हे. माणसामाणसांत या रोगाची प्रवृत्ती जी कमी-जास्त दिसते, त्या फरकाचा पाव हिस्सा, एवढाच. उरलेला पाऊण हिस्सा आपल्या हाती लागू शकेल अशा गोष्टींत दडला आहे.

शिवाय जनुके आणि परिस्थिती ही एकमेकांपासून तुटलेली नसतात. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या गुजराती कुटुंबांचा एक अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातच्या उन्हातून लंडनच्या ढगाळ हवेत गेलेल्या या मंडळींत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणात होती आणि ज्यांच्यात ती होती त्यांच्यात क्षय अधिक होता. 'ड' जीवनसत्त्वाचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या जनुकाचे काही प्रकार त्या कमतरतेच्या जोडीला आले, की धोका अधिक ठळक होई. एकटे जनुक फारसे बोलत नव्हते. कमतरता आली की त्याला कंठ फुटे. शेतात बी चांगले की वाईट, हे पाऊस ठरल्याशिवाय कळत नाही, तसेच हे.

नाण्याची दुसरी बाजूही आता तपासली जाते आहे. युगांडातील कंपाला शहरात क्षयरुग्णाच्या अंथरुणाला अंथरूण लावून राहिलेली आणि दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत वर्षानुवर्षे राबलेली काही माणसे अशी आढळली की, संसर्गाच्या नेहमीच्या चाचण्या त्यांच्या बाबतीत कधी होकारार्थी येतच नाहीत. जंतू त्यांच्या छातीत गेला नसेल, असे मानणे कठीण आहे. तो गेला आणि रुजण्याआधीच संपला. हे कसे घडते, याचा अभ्यास चालू आहे आणि पुढच्या लशीची एखादी वाट त्यातून निघेल, अशी आशा आहे. संशोधनाचा खरा मोठा लाभ असा आहे. कोण कमकुवत, हे शोधून त्याला बाजूला सारण्यासाठी ही विद्या नाही; जे तगले ते कशाच्या बळावर, हे शिकून ते बळ सर्वांना द्यावे, यासाठी ती आहे.

पण विद्येचा वापर नेहमी असाच होतो असे नाही. १९०७ साली लंडनमध्ये कार्ल पिअर्सन या थोर संख्याशास्त्रज्ञाने क्षयरुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयाकडे कल असलेली प्रकृती वारशाने येते आणि तिच्यापुढे संसर्गाला फारसे महत्त्व नाही, असा त्यांचा कौल होता. सुप्रजननाचे ते पुरस्कर्ते होते. 'दुबळ्या' घराण्यांची प्रजा वाढू नये, या विचाराला अशा निष्कर्षांनी बळ मिळाले. त्याच १९०७ साली कॅनडातील डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने एक वेगळा अहवाल दिला. कॅनडाच्या पश्चिमेकडील माळरानांवर मूळ रहिवासी क्षयाने पटापट मरत होते. त्यांच्या वंशातच दम नाही, असे सांगणारे पुष्कळ होते. ब्राइस यांनी त्या समाजातील मुलांना जिथे सक्तीने ठेवले जाई, त्या निवासी शाळा पाहिल्या आणि लिहिले की, दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या, रोगी-निरोगी मुले एकत्र कोंडणाऱ्या या इमारतीच मुलांचे बळी घेत आहेत. बायसनचे कळप नष्ट झाल्याने त्या समाजाचे अन्न आधीच हिरावले गेले होते. सरकारने ब्राइस यांच्या सूचना गुंडाळून ठेवल्या. 'रक्तातच खोट आहे' म्हटले की इमारत दुरुस्त करण्याचा खर्च वाचतो. दोष कुळावर टाकण्याची ही सोय जगभरच्या सत्ताधाऱ्यांना आवडत आली आहे.

आणि रक्तच निर्णायक असते, तर इंग्लंडमधील आकड्यांचा अर्थ काय लावायचा? तिथे क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, एकही औषध हाती नसताना, १९४०च्या दशकापर्यंत सतत घटत गेले. तीन-चार पिढ्यांत एखाद्या देशाचे रक्त बदलत नाही. बदलली ती घरे, मजुरी, अन्न आणि रुग्णांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था. उलट पहिल्या महायुद्धात उपासमार झाली तेव्हा जर्मनीत क्षयाचे मृत्यू पुन्हा वाढले. जनुके तीच होती, ताटे रिकामी झाली होती.

याचा आपल्या मातीतला पुरावा झारखंडने दिला. २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक घरच्या माणसांचा पाठपुरावा केला. त्यांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला. पण निम्म्या गटांत घरातल्या इतरांनाही दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडण्याजोगा संसर्गजन्य क्षय तर जवळजवळ निम्म्यावर आला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाचे सख्खे भाऊ, मुलगे, मुली तीच, त्यांचे रक्त तेच, झोपडीही तीच. फरक तांदूळ आणि डाळीचा. चरकाचे चौथे कारण आठवावे.

मग जनुकशास्त्राचा सामान्य रुग्णाला काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो औषधाच्या गोळीत आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरील स्वस्त आणि गुणकारी औषध १९५२ पासून वापरात आहे. ते शरीरात किती वेगाने मोडते, हे एका जनुकावर अवलंबून असते. काहींचे यकृत ते झटपट निकामी करते, काहींचे सावकाश. जपानमध्ये बहुसंख्य लोक झटपट गटातले, तर आपल्याकडे निम्म्याहून अधिक सावकाश गटातले. सावकाश गटातल्या माणसांत औषध अधिक काळ टिकते. हातापायांना मुंग्या येणे, यकृताला त्रास होणे हे धोकेही थोडे वाढतात. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्रात या विषयावर मोलाचे काम झाले. त्याच केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की, दाटीच्या घरात, बेताच्या जेवणावर राहणारा रुग्णही नियमित औषधांनी आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याला घरी ठेवल्याने घरच्यांचा धोकाही वाढत नाही. म्हणून औषधे चालू असताना भूक मंदावली, मळमळ झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, मुंग्या आल्या, तर गोळ्या आपल्या मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगावे. एकाला सोसलेली गोळी दुसऱ्याला जड जाणे हा कमकुवतपणा नव्हे, तो घडणीतला फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे अठ्ठावीस लाख लोक क्षयाने आजारी पडले. जगातील चारांपैकी एकाहून अधिक रुग्ण आपले. एवढा मोठा आकडा असताना 'आमच्या घराण्यात हे नाही' असे छातीठोकपणे म्हणू शकेल असे घराणे या देशात शोधून सापडणे कठीण. सापडलेच, तर ते बहुधा लपवणारे घराणे असेल. आणि लपवण्याची किंमत सर्वांत जास्त बायका मोजतात. लग्न ठरेपर्यंत मुलीचा खोकला दडवला जातो. लग्नानंतर सुनेला क्षय निघाला की तिची रवानगी माहेरी होते आणि औषधांचा क्रम तुटतो. अर्धवट सोडलेल्या औषधांतून न जुमानणारा क्षय उभा राहतो आणि तो मग कुणाचे कूळ विचारत नाही.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. क्षयाच्या बाबतीत मूळ जरूर विचारावे. कूळ विचारायचे तर त्याचा हेतू बदलावा. घरात कुणाला क्षय होता का, हा प्रश्न सोयरीक मोडण्यासाठी विचारला की माणसे खोटे बोलतात. तोच प्रश्न डॉक्टरांनी विचारला की त्याचे खरे उत्तर जीव वाचवते. घरात रुग्ण निघाला तर बाकीच्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची आणि मधुमेह असलेल्यांची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधे मोफत मिळतात, गरज असेल तर प्रतिबंधक गोळ्यांचीही सोय आहे. रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. ती मागून घ्यावी, त्यात संकोच नको. दोन आठवड्यांहून जुना खोकला अंगावर काढू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि घरातल्या सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ उरते की नाही, हेही पाहावे.

आईबापांकडून आलेली जनुके कुणालाच बदलून घेता येत नाहीत. ताट, खिडकी आणि औषधाचा नेम मात्र बदलता येतो, आणि आजवरचा सारा पुरावा सांगतो की क्षयाशी होणाऱ्या झुंजीत पारडे जड आहे ते त्यांचेच.